हात नर्मदाताईचे

विश्वास ठेवा, नका ठेवू. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मी खोटं कशाला सांगू?

साल १९५८. मार्गशीर्षातली अमावास्या. कट्टा गावातलं ताईचं सासर.

माझी थोरली बहीण नर्मदा ही गुरुदास भावजींची दुसरी बायको. पहिली लीला वर्षापूर्वी वारली होती. दुसरेपणाच्या रीतीप्रमाणे मेलेल्या सवतीच्या नावाची सोन्याची पुतळी ताई गळ्यात घालायची. घरात जिकडेतिकडे लीलाच. म्हणून भावजी जेव्हा म्हणाले, "नर्मदा, तुझां चित्र काढून घेव या," तेव्हा ताई हरखून गेली.

मुंबईचा चित्रकार आला. म्हणाला, "मी नुसता चेहरा काढत नाही. बाईची सगळी गोष्ट काढतो."

त्याने ताईच्या मांडीवर अबोलीची अर्धवट वेणी ठेवली.

"माझो संसार आत्ताच सुरू झालो ना, म्हणान अर्धी," ताई मला म्हणाली. भोळी गं माझी ताई!

ती रोज बसायची. चेहरा त्याने शेवटी रंगवला. आम्हाला बघू दिला नाही.

अमावास्येच्या तिन्हीसांजेला भावजींनी चित्रावरचं कापड काढलं...

हात ताईचे. घावणे काढताना तव्याने भाजल्याचा डागसुद्धा हुबेहूब.

चेहरा लीलाचा.

"हात माझे, आणि तोंड तिचां?" ताईने विचारलं.

"लीलाच्या फोटोत हात नाय होते," भावजी सहज बोलले. "तुझे बरे जुळले."

अर्धी वेणी लीलाच्या अर्ध्या संसाराची होती. केसाने गळा कापला हो माझ्या बहिणीचा!

ताईने पुतळी काढून चित्रापुढे ठेवली. "बाय, तुका तरी कोणी इचारल्यान?"

आम्ही सगळे माजघरात आलो. मी दिवा लावत होते...

चित्राच्या खोलीतून हुंदका आला.

ताई माझ्या शेजारीच होती. भावजी आणि चित्रकारही समोरच.

मी दिवा घेऊन आत गेले.

चित्रातली वेणी जमिनीवर पडली होती. मांडी रिकामी...

दोन्ही हात वर गेले होते. चेहरा तळव्यांनी झाकलेला.

डाग ताईचाच.

सकाळी मी ताईला माहेरी मसुऱ्याला आणलं. ती परत गेली नाही. चित्र अजून कट्ट्यालाच आहे, भिंतीकडे तोंड करून.

तिन्हीसांज झाली की ताई हातातलं काम ठेवते आणि तळवे माझ्यापुढे धरते.

ओले असतात...

"अजून रडता गो ती," म्हणते.

मी पदराने पुसते. ते पुन्हा ओले होतात.