निरंक

"अहो, शर्ट पांढरा दिला होता. हा काय राखाडी परत आलाय!"

काउंटरवर शर्ट आपटणारं ते गिऱ्हाईक नवंच होतं. गळ्यातलं ओळखपत्र वाचलं... वीज प्रकल्पात धूळ मोजायच्या कामावर! माझं डोकंच फिरलं.

"चोराच्या उलट्या बोंबा! वाळत घातला तेव्हा तुमचं धुराडं काय ओकत होतं, ते विचारा तुमच्या साहेबांना."

"पण आमच्या अहवालात तर धूळ निरंक असते."

आत बाबा खोकत होते. तीस वर्षं याच लाँड्रीत उभे राहिलेले माझे बाबा. "हे ऐकू येतंय ना? हेही निरंकच का?"

तो वरमला. मग इस्त्रीकडे बघत हळूच म्हणाला, "कोळसा तर तुम्हीही जाळता..."

"जाळते. पण माझी राख माझ्या अंगणात पडते, कुणाच्या छातीत नाही!"

तो हसला. मेला हसतो छान, हे तेव्हाच लक्षात आलं आणि आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं कबूल केलं — धूळ मोजायचं यंत्र प्रकल्पाच्या बागेत होतं, कारंज्याशेजारी!

"मग आणा आमच्या गच्चीवर. की हिंमतही निरंक?"

आणलं की त्यानं! तीन दिवस रोज यंत्रातला धूळ टिपणारा कागद बदलायला यायचा. सकाळी पांढराशुभ्र कागद, संध्याकाळी काळाठिक्कर. आणि वाळत घातलेल्या चादरींआडून त्याची नजर...

"इकडे काय मोजताय?"

"इथे यंत्र कमी पडतंय."

मी कपड्यांचा चिमटा फेकून मारला. नेम मुद्दाम चुकवला.

शुक्रवारी प्रकल्पाच्या नव्या, दुसऱ्या धुराड्याच्या मंजुरीची जनसुनावणी होती. बड्या साहेबांनी वाचलं, "धूळ — निरंक." मी उठणार, तोच तो उभा राहिला. त्यांचाच माणूस!

"खोटं आहे, सर." त्यानं तिन्ही काळे कागद टेबलावर ठेवले. प्रत्येकावर त्याची सही. मंजुरी तिथेच अडली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

"नोकरी निरंक," तो म्हणाला. "आता एकच रकाना भरायचा राहिलाय... तुमच्या मनात माझ्याबद्दल —"

"लवकर सांग गं, चहा निवतोय!" आतून बाबा ओरडले.

मी त्याचा शर्ट पुढे केला. तीनदा धुतला होता, हातानं.

"निरंक नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हतं. आणि ऐक..." पहिल्यांदाच एकेरीवर आले, "पहिलं धुराडं अजून ओकतंय. उद्या सकाळी गच्चीवर ये."

"यंत्र नेलं त्यांनी."

"नेऊ दे. मोजायला चादरी आपल्या आहेत!"