पाचव्या टेबलावरची बरणी

प्राणिशास्त्राच्या परीक्षेत स्पॉटिंग म्हणजे नुसती धांदल. टेबलाटेबलावर बरण्या मांडलेल्या. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं, आत काय आहे ते ओळखून लिहायचं. गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात हे सगळं चैताली मॅडमच्या गळ्यात. त्या सकाळी पाचव्या टेबलावरचा बेडूक कुजलेला निघाला. मॅडमनी तो फेकला, बरणी धुतली, नवं फॉर्मॅलिन ओतलं. दुसरा बेडूक आणायला निघणार तोच मुलं आत आली. बरणी तशीच राहिली.

कोरं सोडू नका, काहीतरी लिहा, हे मॅडमनीच वर्षभर मुलांच्या डोक्यात भरवलेलं. आता पाचव्या टेबलावर एकेकाचे तारे वाचायला मिळणार, असं त्या धरून चालल्या होत्या. कसलं काय! सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: नाव माहीत नाही, डोळे मिटलेले.

एकट्या ललितानं लिहिलं होतं, बरणी रिकामी आहे.

मॅडमना हायसं वाटलं. पण बाहेरून आलेले परीक्षक गोरक्ष सर बरणीत डोकावले आणि त्यांनी ललिताला भोपळा दिला. एवढा ठळक नमुना दिसू नये म्हणजे कमाल झाली, म्हणाले. मॅडमनी बरणी उजेडात धरली. आत नितळ फॉर्मॅलिन, दुसरं काही नाही. आपलेच डोळे बिघडले की काय, त्यांना काही सुधरेना.

त्या भोपळ्यानं ललिता नापास होत होती. सुरगाण्याकडची पोर; नापास झालीस तर कॉलेज बंद आणि लग्न, असं घरून बजावलेलं. मॅडमचा जीव तुटला. तिला एकदा पुन्हा बघू द्या, म्हणून त्यांनी सरांना गळ घातली.

ललिता आली. टेबलाशी वाकून बराच वेळ बघत राहिली.

“सकाळी रिकामीच होती, सर,” ती म्हणाली. “आता हाय.”

“काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“नाव नाय माहीत. पण डोळे उघडे हायेत.”

गोरक्ष सर वाकले. ललिताला पूर्ण गुण देऊन त्यांनी खुर्ची मागे घेतली.

पोर सुटली, बस झालं, असं मनाशी म्हणत मॅडम कपाटाची किल्ली घ्यायला खिडकीकडे निघाल्या.

“मॅडम, चालू नका.”

त्या थांबल्या.

“तुम्ही जाल तिकडं ते वळतंय,” ललिता म्हणाली.

मॅडमनी मागे बघितलं. बरणी रिकामीच होती. आतलं फॉर्मॅलिन तेवढं हळूहळू स्थिर होत होतं.