गुरुवारची भेट

पहिल्या भेटीत मी प्रत्येक घरात तेच सांगते. नर्सचं ओळखपत्र बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही, साखळी लावूनच बोलायचं. तिने आल्याआल्या हात धुतले नाहीत तर टोकायचं. जाताना ती फाइलमध्ये जे लिहील ते वाचून मगच खाली सही करायची. घरी येऊन उपचार करणाऱ्या आम्हा नर्सेसकडून पेशंटने एवढी अपेक्षा ठेवावीच. चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी हे सगळं कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं, तेव्हा मला हसूच आलं होतं.

पेशंट त्यांचे सासरे. पंचेचाळीस वर्षं शिंपीकाम केलेले आजोबा. साखर वाढलेली, डाव्या टाचेला जखम, आणि पायात संवेदना नाही. सुई टोचली तरी कळायचं नाही. "जन्मभर लोकांना टाके घातले, आता माझी उसवण तुम्ही बघा," म्हणत पाय पुढे करायचे. अशी जखम रोज बघावी लागते. एका दिवसाच्या हयगयीने पाय जातो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या गुरुवारी मी गेले नाही. कारण सांगायची लाज वाटते. कंटाळा आला होता. चार मजले, लिफ्ट नाही, आणि माझ्याच टाचा दुखत होत्या. घरी पाय पसरून बसले आणि फोनवरून ऑफिसला रिपोर्ट भरून टाकला. 'भेट दिली. ड्रेसिंग केलं. जखम कोरडी आहे, काळजीचं कारण नाही.' आमच्यात होतं असं कधीकधी. कुणी बोलून दाखवत नाही.

शुक्रवारी जिने चढताना सबब जुळवत होते. सूनबाईंनी हसून दार उघडलं.

"काय हो सिस्टर, काल चहासुद्धा घेतला नाहीत. एवढी कसली घाई?"

चोराच्या मनात चांदणं. मला तो टोमणा वाटला. मी हात धुवून आले. पण आजोबांच्या टाचेवरची पट्टी नवी होती. पांढरीशुभ्र, शेवटचं टोक दुमडून आत खोचलेलं. मी खोचते तसंच.

"हात तुमचाच, शिंप्याला कळतं ते," आजोबा म्हणाले. "फक्त काल उलट्या बाजूने गुंडाळलीत. का हो?"

मी फाइल उघडली. गुरुवारची नोंद होती. अक्षर माझं. वाक्यं माझी, शब्दाला शब्द. खाली सूनबाईंची सही. फोनवरचा माझा रिपोर्ट या घरात कुणी पाहिलेला असणं शक्य नव्हतं.

पट्टी सोडली आणि वास आला. जखमेची कड काळी पडली होती.

"आजोबांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं."

"अहो, कालच तर म्हणालात, काळजीचं कारण नाही!" सूनबाई म्हणाल्या.

"मला तर काही दुखत नाही," आजोबा म्हणाले.

"काल मी आलेच नव्हते," मी सांगून टाकलं.

सूनबाई जरा मागे सरकल्या. "ओळखपत्र बघूनच घेतलं मी," त्या हळूच म्हणाल्या. "फोटो तुमचाच होता."

खूप विनवलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी हे गावाहून येताहेत. ते आले की नेऊ." मी जखम पुन्हा बांधली, फाइलमध्ये मोठ्या अक्षरात 'तातडीने हॉस्पिटल' लिहिलं, सकाळी नऊची अॅम्ब्युलन्स ठरवली, आणि ऑफिसात जाऊन मॅडमना सगळं खरं सांगितलं.

त्यांनी फाइलचा फोटो मागवून घेतला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? अक्षर तुझं, घरच्यांची सही आहे, त्यांचा कौतुकाचा फोनही आला होता," त्या म्हणाल्या. "दमली आहेस तू. घरी जा."

मी रात्रभर भीतीने तळमळत होते. मला त्या पायाची भीती वाटत होती, आणि त्या दुसऱ्या हाताचीही.

शनिवारी नऊला दहा कमी असताना मी दार वाजवलं. खाली अॅम्ब्युलन्स दिसली नव्हती.

साखळीएवढं दार उघडलं. फटीत सूनबाईंचा एक डोळा.

"कोण पाहिजे?"

"अहो, मी. सिस्टर."

"ओळखपत्र?"

मी गळ्याशी हात नेला. निघताना घातलेलं. दोरी होती, कार्ड नव्हतं.

"सिस्टर केव्हाच आल्यात," त्या म्हणाल्या. अनोळखी बाईशी बोलावं तसं बोलल्या. "अॅम्ब्युलन्सही त्यांनीच परत पाठवली."

"सूनबाई, त्यांचा पाय जाईल! मला आत येऊ द्या!"

दार लागलं. कडी सरकली.

मी दाराला कान लावला. आत नळ वाहत होता. कुणीतरी हात धुत होतं. सावकाश, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

नळ बंद झाला.

मग माझा आवाज आला. "जखम कोरडी आहे, आजोबा. काळजीचं कारण नाही."

आजोबा खूश होऊन हसले.

दाराखालच्या फटीतून वास येत होता. कालच्यापेक्षा जास्त.