छातीचा पट्टा

पठारावर पॅराशूटने उतरायचं, उशीरफुलीच्या शेंगा गोळा करायच्या आणि दोरावरून खाली यायचं. एवढाच आमचा बेत होता. ऐकायला किती सोपा! पण पठाराला चहूबाजूंनी उभे कडे होते आणि खडक असा भुसभुशीत की चढणाऱ्याने धरलेला दगडच त्याच्या हातात यावा. पायथ्याशी माजलेलं जंगल. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, वनस्पतिशास्त्र शिकवते. समोरच्या टेकडीवरून दुर्बीण लावून तिने कित्येक वर्षं त्या झाडांकडे पाहण्यात घालवली होती. खालच्या जंगलातून उशीरफुली केव्हाच नाहीशी झाली होती. उरली होती ती वर, चार-दोन झाडं. फुलायला ती इतका वेळ लावते की ताईने आशाच सोडली होती. यंदा मात्र शेंगा धरल्या! वारे जोरात सुटले की त्या तडकणार, आणि बी कड्याखालच्या अंधारात पडून कुजणार.

"खालून जाता येत नाही ना? मग वरून जाऊ," भाऊजी म्हणाले. ताईचे यजमान पॅराशूटच्या उड्या शिकवतात, त्यामुळे त्यांना कुठलीही अडचण वरूनच सोपी दिसते. मी त्यांच्याच शाळेच्या कामशाळेत पॅराशूट शिवते, दुरुस्त करते, घड्या घालून पिशवीत भरते. उड्याही मारते, पण मोकळ्या, सपाट मैदानावर. भाऊजी मला शिंपीणबाई म्हणतात आणि मी रागावले की जास्तच म्हणतात.

निघण्याआधी त्यांनी आमच्याकडून तयारी करून घेतली. कामशाळेच्या तुळईला त्यांनी एक हार्नेस टांगला, म्हणजे अंगावर चढवायचा पट्ट्यांचा तो साज, आणि मला त्यात झोपाळ्यासारखं लोंबकळत ठेवलं. खाली माझं शिवणयंत्र, लांबलचक टेबल, धाग्यांची रिळं. आणि वर मी!

"आता हात खिशात घाल. पॅराशूटची छत्री नुसत्या दोऱ्यांनी वळत नाही, बुडानेही वळते. उजव्या मांडीवर भार दे, डावा गुडघा वर घे. हां, कलली बघ!"

"कुठे कलली? मला तर फक्त पट्टे काचतायत."

"काचणारच. छातीचा पट्टा इतका आवळलायस की तू आणि हार्नेस मिळून एक लाकूड झालायत. छत्री नीट उघडली की तो सैल करायचा. मग तुझं कंबर हलवणं वरच्या कापडापर्यंत पोचतं."

इथे आमचं नेहमीचं भांडण सुरू झालं. विमानात चढण्याआधी प्रत्येकाच्या छातीचा पट्टा मी स्वतः तपासते आणि शेवटी एक जास्तीची ओढ देते. ती ओढ घेतल्याशिवाय कुणी विमानात पाय ठेवत नाही. आणि हे म्हणे आकाशात जाऊन तो सैल करणार! कुणी आपल्या हातचा स्वेटर घालून दारातच उसवायला लागला तर कसं वाटेल?

"प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला मी जाड घडी शिवते, भाऊजी. बकलातून तो निसटूच नये म्हणून. आवळलेला पट्टा आवळलेलाच राहायला हवा."

"निसटणार नाही ना? मग सैल करायला घाबरतेस कशाला?"

मी हार्नेसमधून उतरले आणि चहा करायला गेले.

निघायच्या दिवशी आकाश अगदी स्वच्छ होतं. तिघांत मी वजनाने हलकी, म्हणून परतीच्या दोराची पिशवी माझ्या पोटावर बांधली होती. तो दोर नसता तर पठारावर पोचलेल्यांना खाली यायची वाटच नव्हती. सगळ्यांना ओढ देऊन झाली, मग मी स्वतःच्या पट्ट्यालाही दिली. चांगली दणदणीत!

आधी ताई आणि तिच्यापाठोपाठ भाऊजी बाहेर पडले. मी दाराशी आले, पण पिशवीमुळे तोल गेला आणि उजवा खांदा चौकटीवर असा आपटला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. तशीच बाहेर पडले. डाव्या हाताने उजवा हात ओढून नेऊन छत्री उघडण्याची मूठ खेचली. वर कापडाचा फडफडाट झाला, एक जोरदार हिसका बसला, आणि मग सगळं शांत झालं.

वर पाहिलं. छत्री चौकोनी, भरलेली, सुंदर! माझीच घडी! पण उजवा हात खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. दिशा देणाऱ्या दोन दोऱ्या, त्यांच्या दोन मुठी डोक्याच्या दोन बाजूंना, आणि माझ्याकडे हात एकच! डाव्या हाताने दोन्ही मुठी त्यांच्या जागेवरून कशाबशा सोडवल्या. डावी ओढली की मी डावीकडे वळत होते. उजवी ओढायला गेले की आडवा हात डाव्या दोरीलाही ओढायचा आणि छत्री सरळच जायची. पठार होतं उजवीकडे! डावीकडून पूर्ण फेरा मारून यायला उंची पुरणार नव्हती, आणि वारा मला हळूहळू कड्याबाहेर ढकलत होता.

खाली, पठारावरच्या गवतात, ताईची आणि भाऊजींची अशा दोन छत्र्या पसरलेल्या दिसल्या. दोघं सुखरूप उतरली होती, आणि त्यांना खाली नेणारा दोर माझ्या पोटावर होता. मी दरीत गेले तर माझं काय व्हायचं ते होईल, पण ही दोघं वर अडकणार!

तेवढ्यात हेल्मेटमधल्या रेडिओत खरखर झाली. त्यावर मला फक्त ऐकू यायचं. आयुष्यात पहिल्यांदाच भाऊजींना उलट बोलायची सोय नव्हती.

"शिंपीणबाई, उजवा हात का लटकतोय? दुखावला असेल तर पाय झाड."

मी पाय झाडले.

"बरं. घाबरू नकोस. मुठी सोड. कंबरेने ये. उजव्या मांडीवर भार, डावा गुडघा वर."

गुडघा वर घेतला. कंबर दाबली. अंग पिळवटलं. छत्री जराशी कलल्यासारखं करून पुन्हा सरळ जाऊ लागली. पुन्हा दाबली. तीच गत! कड्याची कड माझ्या पायांखालून सरकत मागे जायला लागली.

आता ताईचा आवाज आला. नवऱ्याच्या हातातून रेडिओ हिसकावला असणार.

"अगं, तो पट्टा सैल कर! तूच शिवलायस ना तो?"

मी खाली पाहिलं. काळा पट्टा, त्यावरचा माझा पिवळा टाका, टोकाची जाड घडी. हात जाईना. घडी शिवताना मी दर वेळी दातओठ खाऊन ओढून पाहते. पण आकाशात, स्वतःच्या जिवावर, तिची परीक्षा कधी घेतली नव्हती.

बकल उचललं. पट्टा सळसळत सुटला! आणि खट्! घडी बकलाला अडकली आणि तिथेच घट्ट बसली. धरला! माझ्या टाक्याने मला धरलं!

छाती मोकळी झाली, खांद्यावरचे पट्टे फाकले आणि छत्री जणू माझ्या कंबरेला येऊन जोडली गेली. उजव्या मांडीवर भार दिला. डावा गुडघा वर. वळली! हलकेच, गोल, आज्ञाधारकपणे वळली! कड समोर आली, पायांखाली आली, मागे पडली. तुळईला लटकून घाम गाळला, तो इथे कामाला आला.

समोर एक वठलेलं झाड! डावी मांडी, उजवा गुडघा. झाड बाजूने निघून गेलं. पुन्हा सरळ. खरं सांगते, त्या काही क्षणांत मला इतकी मजा आली की हाताचं दुखणंही विसरले. इतकी वर्षं मी या कापडाला घड्या घातल्या, पण त्याच्याशी बोलले त्या दिवशी पहिल्यांदा.

"आता दोन्ही मुठी एकाच हातात घे," पुन्हा भाऊजी. "मी सांगेन तेव्हा छातीपर्यंत ओढ... अजून नाही... अजून नाही... ओढ!"

ओढल्या. छत्रीचा वेग एकदम कमी झाला. पाय गवताला लागले, घसरले, आणि मी दोराच्या पिशवीवर पालथी पडले. ताई धावत आली. आधी तिने मला पोटाशी धरलं, मग दोर सुखरूप आहे का ते पाहिलं, आणि मग दुखऱ्या हाताला गळ्यातली झोळी बांधताना मला भरपूर रागावली.

उशीरफुली पठाराच्या मधोमध उभी होती. राखाडी साल, लांब शेंगा, वाऱ्यात त्यांचा बारीक खुळखुळाट. ताईने एका झाडाच्या सालीवरून हात फिरवला. मग तिने मूठभर शेंगा तोडल्या आणि पिशवीचं तोंड बांधून टाकलं.

"बस्स?" भाऊजींनी विचारलं. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?"

"बाकीच्या त्यांच्या आहेत. इथेही रुजायला हव्यात."

खाली मला भाऊजींनी हार्नेससकट दोराला बांधून सोडलं. कडा संपेपर्यंत मी त्यांना सूचना देत होते आणि ते मुकाट ऐकत होते. पायथ्यापासून जंगलातून बाहेर पडेपर्यंत आम्ही काटे, जळवा आणि एकमेकांची चेष्टा सोसली, पण कुणाचीही काही तक्रार नव्हती.

खांदा बरा व्हायला वेळ लागला. तोवर कामशाळेच्या खिडकीत ताईने कुंड्या मांडल्या आणि माझ्या टेबलाचा निम्मा भाग बळकावला. एका सकाळी मातीतून वाकडा, फिकट कोंब डोकावला. ताईने त्या दिवशी कुणालाच काही शिकवलं नाही.

त्याच सकाळी भाऊजी उडीसाठी निघाले होते. नेहमीसारखे माझ्यासमोर छाती पुढे काढून उभे राहिले. मी पट्टा तपासला आणि बऱ्या झालेल्या हाताने जास्तीची ओढ दिली. चांगली दणदणीत!

"वर छत्री उघडली की सैल करा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे विस्फारले. "हे तू सांगतेस?"

"मीच सांगणार. शिवण माझी आहे."