सव्वा तासाचं विमान

मावशींच्या तोंडावरची उशी इन्स्पेक्टरांनी दोन बोटांनी उचलली आणि नाक मुरडलं. त्यांचं नाक खात्यात प्रसिद्ध होतं. चहा, वरिष्ठ, गुन्हेगार, मुरडताना ते कुणात डावं-उजवं करत नसत.

"सकाळी रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या आणि भिंतीपलीकडं धप्पकन आवाज झाला," शेजारीण म्हणाली. "वाटलं, काठी पडली. बातम्या संपल्यावर नर्स जिन्यात भेटली, कचऱ्याची पिशवी घेऊन. भाचा आला तो त्यानंतर. मग एकच रडारड!"

घरात मावशी आणि त्यांना सांभाळणारी नर्स, दोघीच. नर्स म्हणाली, औषधं आणायला गेले होते. आल्यावर दारातूनच बघितलं, बाई झोपल्यात असं वाटलं, म्हणून आवाज न करता कचरा तेवढा टाकून आले. औषधवाल्याला ती आठवेना. रवानगी कोठडीत.

ती पिशवी इन्स्पेक्टरांनी श्वास रोखून उपसली. केळ्याची सालं, कापूस, ओला चहा आणि त्यावर चिकटलेला गोळीचा निळा चमकदार कागद.

भाचा डोळे पुसत होता. दुःखातही गालातली गोळी या गालातून त्या गालात जात होती.

"मावशीकडं याआधी कधी आला होतात?"

"सहा महिने झाले हो!"

"आज आठ वाजता कुठं होतात?"

"ढगात, साहेब. सातचं विमान, पोहोचतं सव्वाआठला. वेळापत्रक बघा की!"

वेळापत्रकात तसंच होतं. दोन गावांच्या मध्ये डोंगर; गाडीनं वळसा घालून अर्धा दिवस जायचा. सव्वा तास कुणाला खटकणार? कंपनीला फोन केला, तर उत्तर आलं, "आमचं विमान उशिरा येतच नाही!"

भाच्याच्या गावी चौकशी करून इन्स्पेक्टर दोन दिवसांनी त्याच सातच्या विमानानं परतले. पट्टा बांधला, पेपर उघडला. अग्रलेखाची किळस येते न येते तोच चाकं टेकली. कर्ण्यातून सनई वाजली. "अभिनंदन! आजही आपण वेळेआधी!" हवाईसुंदरीनं प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवली. निळ्या कागदातली.

"रोजच वेळेआधी?"

"रोजच, सर! बक्षीस मिळालंय आम्हाला."

तासाभरात मावशींच्या दिवाणखान्यात भाचा आणि कोठडीतून आणलेली नर्स समोरासमोर होते.

"डोंगरावरून सरळ आलं तर अंतर जेमतेम अर्ध्या तासाचं," इन्स्पेक्टर म्हणाले. "कंपनी सव्वा तास लिहिते, म्हणजे कितीही रेंगाळा, उशीर होतच नाही. आम्हीही फसलो. आठच्या आधीच तुम्ही या दारात होतात. नर्स बाहेर गेलेली. दार मावशींनीच उघडलं, भाचा आला म्हणून. काम उरकून तुम्ही सटकलात आणि विमान उतरायच्या छापील वेळेनंतर रडत आलात."

"पुरावा?"

"गोळीचा कागद. ही गोळी फक्त त्या विमानात, तीही उतरल्यावरच मिळते. तुम्ही नीटनेटके, कागद डब्यात टाकलात. पण ती पिशवी तुम्ही रडत यायच्या आधीच घराबाहेर गेली होती."

भाच्याचा चेहरा उतरला. "घर हिच्या नावावर करणार होती म्हातारी! या नर्सच्या! मी काय बघत बसायचं?"

नर्सनं तोंडावर पदर दाबला. "सोडा या बाईंना," इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाले. मग भाच्याकडं वळले.

"उशी दाबताना गोळी तोंडातच होती?"

भाच्याचा गाल सवयीनं हलला.

इन्स्पेक्टरांनी खिशातून विमानातली उलटीची कागदी पिशवी काढली आणि त्याच्या हनुवटीखाली धरली.

"आधी थुंका. मग बेड्या."