खाचा

लेथवाल्याच्या सासऱ्यांनी मरेपर्यंत जावयाला आपल्या गाडीला हात लावू दिला नाही. मनाविरुद्ध झालेल्या लग्नाला ते आले होते तेही चारचौघांत एवढंच सांगायला, की पोरीला मी परत नेणार. 'तो लेथवाला' यापलीकडे जावयाचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

म्हातारा गेला. गाडी पार गंजलेली, भंगारातच निघाली. बायकोने तिचं स्टिअरिंग तेवढं मागून घेतलं. मोठं, बारीक कड्याचं, काळपट लाकडाचं.

"आपल्या गाडीला बसव ना," ती म्हणाली. "बाबांची तेवढीच आठवण."

बसव म्हणणं सोपं! स्टिअरिंगचं भोक मोठं, आणि आपल्या गाडीच्या दांड्याचे दाते बारीक. पण लेथवाल्याला चेव आला. त्याने पोलादाचा एक मधला तुकडा कातला, एका बाजूने दांड्यावर घट्ट बसणारा, दुसऱ्या बाजूने स्टिअरिंगला बोल्टांनी धरणारा. माप जुळवताना त्याची बोटं कड्याच्या मागे खोलगट जागी गेली. म्हातारा डाव्या हाताने तिथेच धरायचा. त्याच्या बोटांनी झिजून पडलेल्या खाचा तीनच होत्या. करंगळी तरुणपणी इंजिनच्या पट्ट्यात गेली होती ना त्याची.

"आता बघू सासरेबुवा, कोण कोणाला वळवतं," लेथवाला मोठ्याने म्हणाला आणि त्याने सुतारकामाची लांबी लिंपून खाचा बुजवल्या. घासून वर वार्निश मारलं. त्याला फार बरं वाटलं.

बायकोने गाडीत बसून कड्यामागे बोटं फिरवली.

"इथलं काय केलंस?"

"गुळगुळीत केलं."

ती गाडीतून उतरून आत गेली. त्या दिवसापासून घरातही ती कामापुरतंच बोलू लागली.

पहिल्याच फेरीला गाडी डावीकडे ओढायला लागली. त्याने टायरची हवा पाहिली, अलाइनमेंट करून घेतली, मधला तुकडा उतरवून पुन्हा बसवला. तुकड्यात केसभर खोट नव्हती. तरी गल्लीच्या तोंडाशी आलं की स्टिअरिंग हिसडा मारून हातातून सुटायचं. एकदा गाडी भिंतीला घासली आणि त्याचा अंगठा मुरगळला. बायको चालवायची तेव्हा मात्र गाडी अगदी गरीब गाय.

डावीकडचा रस्ता तिच्या माहेरी जायचा.

मग सकाळी सीटवर पिवळसर भुगा दिसू लागला. लांबी आपोआप गळत होती. त्याने पुन्हा भरली, पुन्हा भुगा. खाचा पहिल्यापेक्षा खोल झाल्या होत्या. गॅरेजात हाडं गोठवणारी थंडी, आणि लाकडाला हात लावावा तर तेवढीच जागा उबदार.

बायको कामावरून उशिरा येऊ लागली.

"कुठे होतीस?"

"बाबांच्या घरी."

"अगं, कुलूप आहे तिथे!"

"हो. फाटकाशी गाडीत बसून राहते."

"पण गेलीस कशाला?"

"मी कुठे वळवली?" ती म्हणाली.

बायको हातची चालली होती, आणि तीही मेलेल्या माणसाकडे! त्याने तडक जाऊन स्टिअरिंग उतरवलं, करवतीने कापलं, लाकूड जाळून टाकलं. मधला तुकडासुद्धा मधोमध कापला. बायको दारातून बघत होती. ती रडली नाही, भांडली नाही, हेच त्याला खटकलं.

गाडीचं मूळचं प्लास्टिकचं स्टिअरिंग त्याने परत बसवलं. फेरी मारून पाहिली. गाडी नाकासमोर चालली. तो ढाराढूर झोपला.

सकाळी गॅरेज उघडं होतं. बायको गाडीत बसलेली, इंजिन चालू. शेजारच्या सीटवर तिची बॅग.

पुढची चाकं डावीकडे वळलेली.

"उतर खाली," तो ओरडला.

"सोड मला."

त्याने खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं. कडक, गार प्लास्टिक. कड्यामागे त्याची बोटं खाचांत गेली. एक. दोन. तीन.

पुढे गुळगुळीत.

खाचा उबदार होत्या.

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या हातून खेळणं घ्यावं तशी.

"बाबांना उशीर चालत नाही," ती म्हणाली.

मग तिने आपला डावा हात त्याच जागी ठेवला. तीन बोटं खाचांत नीट बसली. करंगळी तिने तळव्यात मिटून घेतली होती.