एक कमी

त्या सकाळचं ऑपरेशन तसं रोजच्यातलंच होतं. पोटाची केस. टेबलावर आडवे झालेले काका मोठे बोलघेवडे. थिएटरच्या सिस्टर हत्यारं मांडत होत्या, तर काकांनी मान वळवून विचारलं, कात्री-बित्री आत विसरणार नाही ना हो? दर दुसरा पेशंट हेच विचारतो आणि सिस्टरचं उत्तरही ठरलेलं.

"मी मोजते ना, काका. निर्धास्त झोपा."

भुलीच्या डॉक्टरीणबाई हसल्या. काकांच्या तोंडावर मास्क आला आणि काका खरंच निर्धास्त झोपले.

पोट शिवायच्या आधी, रक्त टिपायला आत वापरलेल्या गॉजच्या घड्या मोजायच्या आणि मोठ्याने सांगायचं, हा थिएटरचा नियम. सिस्टरनी मोजल्या. "सर, एक कमी." पुन्हा मोजल्या, पुन्हा तेच म्हणाल्या. सर्जनसाहेब वैतागले. बाहेर पुढची केस खोळंबलेली. खाली कुठेतरी पडली असेल, तुमचंच मोजायला चुकलं असेल, असं म्हणून त्यांनी सुईसाठी हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या डोक्याकडच्या आडपडद्यावरून डोळे मोठे करून सिस्टरकडे पाहिलं. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं, बरं का. पण सरांपुढे कुणाचं काय चालणार? सिस्टरनी सुई दिली.

काका घरी गेले ते कण्हतच. आत काहीतरी आहे हो, असं येईल त्याला सांगायचे. सर म्हणायचे, गॅस आहे. शेवटी दुसऱ्या हॉस्पिटलात पोट उघडलं तेव्हा सडलेली घडी निघाली, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. काका गेले. घडी सीलबंद पाकिटातून चौकशी समितीच्या कपाटात गेली. आणि सरांनी अगदी साळसूदपणे सांगून टाकलं की सिस्टरनीच घड्या पूर्ण आहेत म्हणून सांगितलं होतं.

सिस्टरच्या पायाखालची जमीनच सरकली. नोकरी जाणार, नर्स म्हणून असलेली नोंदणी रद्द होणार, आणि माणूस मारल्याचा कलंक जन्मभर राहणार. एकच आधार होता, डॉक्टरीणबाई. दोघींचा डबा वर्षानुवर्षं एकत्र. एकीच्या बाळंतपणाला दुसरी धावलेली. सिस्टर त्यांना ताईच म्हणायच्या. "तू कशाला घाबरतेस? मी ऐकलंय ना," असं बाईंनी सिस्टरच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं.

चौकशीच्या दिवशीही सकाळी एक केस होती. टेबलावर कॉलेजातली मुलगी, घशात नळी घातलेली, डोळ्यांवर चिकटपट्ट्या. बाहेर लख्ख ऊन, आत दिवे झगझगीत. सिस्टरनी घड्या मोजल्या. सगळ्या होत्या. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, इतक्यात स्पिरिटच्या वासातून दुसराच वास आला. कुजका, गोडसर. मशीनचा आवाज चालूच होता, आणि त्याच्या खालून कुणीतरी बोललं.

"एक... कमी."

मुलीचे ओठ हलले नव्हते. हलणार कसे, नळी होती ना घशात. आणि आवाज होता पुरुषाचा. बोलघेवडा, थोडा थट्टेखोर. सरांची सुई हवेतच थांबली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ऐकलंस... ताई?" सिस्टर पुटपुटल्या.

"ऐकलं गं..."

सरांनी पोट पुन्हा चाचपलं. आत काही नव्हतं. घाईघाईने त्यांनी टाके घातले आणि मास्कही न काढता निघून गेले. सिस्टरला मात्र भीतीतही धीर आला. निदान आता तरी ताई कुणाला भिणार नाही, असं वाटलं त्यांना.

दुपारी समितीसमोर डॉक्टरीणबाईंना विचारलं गेलं, सिस्टर एक कमी म्हणाल्या होत्या का? बाईंनी सिस्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या टेबलाच्या कडेकडे बघत होत्या.

"मला काही ऐकू आलं नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सरांच्या नव्या हॉस्पिटलात बाईंची भागीदारी ठरली होती, ही बातमी अख्ख्या वॉर्डाला होती. नव्हती ती एकट्या सिस्टरला. त्यांना रडूही येईना. एका डब्यातून जेवलो आपण, एवढंच मनात येत राहिलं.

अध्यक्षांनी पुढचा प्रश्न विचारला. बाई गप्प. पुन्हा विचारला, या वेळी मोठ्याने. बाई भांबावून सगळ्यांच्या तोंडांकडे बघू लागल्या. मग दोन्ही कान दाबून किंचाळल्या, काहीच ऐकू येत नाही म्हणून.

समितीतले एक म्हातारे डॉक्टर कानाचेच होते. त्यांनी बाईंना शेजारच्या खोलीत बसवलं, कानात दिवा धरला आणि चिमटा घातला. सिस्टर दारात उभ्या होत्या. चिमट्याला पांढरट टोक आलं. डॉक्टर ते ओढायला लागले. ओलसर, तपकिरी पडलेलं कापड बाहेर येतच राहिलं, आणि मागोमाग तो कुजका, गोडसर वास. कापडात निळा दोरा होता. एक्स-रेत दिसावा म्हणून गॉजमध्ये विणतात तसला.

अध्यक्षांनी धावत जाऊन कपाट उघडलं. पाकिटाचं सील शाबूत होतं. पाकीट रिकामं होतं.

"आता... आता येतंय ऐकू," बाई हुंदके देत म्हणाल्या. "तेव्हाही आलं होतं. ती दोनदा म्हणाली होती, एक कमी. सरांनी ऐकलं नाही. मी खोटं बोलले." बोलता बोलता त्यांनी सिस्टरचा हात धरायला हात पुढे केला. सिस्टरनी आपला हात मागे घेतला. त्यांच्यावरचा ठपका त्या क्षणी पुसला गेला होता, पण ताई म्हणायला त्यांची जीभ काही वळली नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते कापड टेबलावर पसरलं आणि त्याचे कोपरे सरळ केले. घडी पुरी नव्हती. एक कोपरा फाटून गेलेला होता.

"उरलेला तुकडा कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

दारामागे सर उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. घामाने डबडबलेले, एक हात पोटावर घट्ट दाबलेला.

"सिस्टर..." ते म्हणाले. "आत काहीतरी आहे हो."